वखारीवरील खांब आणि खाली येणारी तार

मृगाच्या आधी वखारीच्या छपराची डागडुजी न करणारा व्यापारी निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात विरळाच. परंतु त्याच छपरावर उभारलेला बिनतारी मोडेमचा खांब, त्यावरील अँटेना आणि तेथून खाली येणारी तार यांच्याकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ही गोष्ट व्यापारी बंधूंच्या नजरेस आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आपला बाजार एका राज्यात व त्याची कित्येक गिऱ्हाइके दुसऱ्या राज्यात राहिली. निपाणीहून कागलला जाणारा माल अंतराने जवळचा, पण कायद्याने परराज्यात जाणारा. आणि १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील अशा मालाची गाडी हलण्यापूर्वी ई-वे बिल निघावे लागते. एकट्या बिलापुरते मोबाईलवर भागेलही. पण वखारीतील वजनकाट्याची नोंद, साठ्याचा हिशेब आणि कॅमेऱ्याचे चित्र पेठेतील पेढीवर बसून पाहावयाचे, तर गावाबाहेरच्या वखारीपर्यंत फायबरची तार बहुधा गेलेली नसते, आणि गेलीच तर रस्त्याच्या खोदाईत तुटते. तेव्हा बिनतारी दुवा हाच सोयीचा मार्ग होय.

सरकारनेही ही वाट मोकळी केली आहे. एके काळी घरात नुसता रेडिओ ऐकावयाचा तरी परवाना लागत असे! आता २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, व ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग २०१८ मध्ये, घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाला. मात्र मुक्त म्हणजे बेबंद नव्हे. २.४ च्या पट्ट्यात यंत्राची शक्ती एक वॅटपर्यंत आणि अँटेनाच्या बळासह चार वॅटपर्यंत, अशी मर्यादा घातलेली आहे. अँटेना जितकी जबर, तितकी यंत्राची शक्ती उतरवावी लागते. पण मांडणी करून देणारे कारागीर हे सहसा सांगत नाहीत.

आमच्या मते खरी उधळपट्टी तारेत होते. भारी किमतीचा मोडेम आणावयाचा, तो खाली दिवाणजींच्या मेजावर ठेवावयाचा, आणि तेथून पंधरा मीटर बारीक, स्वस्त कोॲक्सियल तार खांबाच्या टोकापर्यंत न्यावयाची, हा प्रकार सर्रास चालतो. आरजी-५८ जातीची तार २.४ गिगाहर्ट्झवर दर मीटरला सुमारे एक डेसिबल गिळते. प्रत्येक तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते, हा हिशेब व्यापाऱ्यास कठीण नाही: पंधरा मीटरच्या अखेरीस रुपयातील जेमतेम तीन पैसे अँटेनाला मिळतात. जाड एलएमआर-४०० तार घेतली तर निदान सत्तेचाळीस पैसे तरी पोहोचतात. त्याहून उत्तम उपाय असा की, यंत्रच खांबावर पेटीत बसवावे आणि खाली साधी इथरनेट तार आणावी. तिच्यातूनच वर वीजही जाते, आणि शंभर मीटरपर्यंत तिची मर्यादा असल्याने कोणत्याही वखारीस ती पुरते.

खांबाच्या उंचीविषयीही असाच गैरसमज आहे. डोळ्यांना समोरची अँटेना दिसली म्हणजे काम झाले, असे नव्हे. पाच किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर सरळ रेषेच्या सर्व बाजूंनी सुमारे साडेसात मीटर जागा मोकळी लागते. आज ठेंगणे असलेले आंब्याचे झाड पाच वर्षांनी आडवे येते, आणि मग दोष मोडेमला दिला जातो. केवळ काट्याचे आकडेच पाठवावयाचे असतील, तर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा परवानामुक्त पट्टा झाडीतून बरा जातो. कॅमेऱ्याचे चित्र मात्र त्यातून येणार नाही.

आता विजेविषयी. आपल्याकडे एप्रिल-मे मधील वळीव आणि पुन्हा परतीचा पाऊस कडाडत येतो. लोखंडी खांब इमारतीच्या अर्थिंगला जाड तारेने जोडलेला नसला, तर ती वीज मोडेममधून वाट काढत दिवाणजींच्या संगणकापर्यंत येते. पाण्याचे संकट याहून गुप्त असते. जोडावर रबरी चिकटपट्टी नीट गुंडाळली नाही, तर पाणी तारेच्या जाळीतून आत झिरपते आणि दुवा प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा मंदावतो. तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकते. खर्च काहीच नाही.

एका गोष्टीत मात्र एकट्यादुकट्याचे शहाणपण पुरत नाही. शेजारच्या दहा वखारी एकाच चॅनेलवर बोलू लागल्या की कोणाचेच नीट ऐकू येत नाही; मग जो तो शक्ती वाढवतो आणि गोंगाट अधिकच होतो. संघाने एक साधी वही ठेवावी आणि कोणती वखार कोणत्या चॅनेलवर, कोणत्या दिशेस बोलते हे तीत लिहावे. जमल्यास एकाच उंच छपरावर सामायिक खांब उभारून त्याचा खर्च वाटून घ्यावा. तपासणीस वेगळा दिवसही नको. मे महिन्यात पत्रे बसवावयास गडी छपरावर चढलेलाच असतो. त्याच दिवशी एखादा जाणता वायरमन बोलावून घ्यावा.