तिघांची बैठक

मराठी शिकवणाऱ्या माणसाने जॅझवर लिहावे हा आगाऊपणा आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या हाती हा अंक पडला तर ते मला स्टाफरूममध्ये सुखाने चहा पिऊ देणार नाहीत. पण गेल्या माघात मामांच्या संगतीने मी जे ऐकले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय दिवाळी अंकाचा वाचक चकली मोडता मोडता वाचत असल्यामुळे जरा क्षमाशील असतो, असा माझा अनुभव आहे.

मामा माणचे. दहिवडीच्याही पुढे, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो, म्हणजे आला तर आला, अशा गावचे. वय पंच्याहत्तर. शेत आठ एकर, त्यातले भिजणारे दीड. पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती पेटीवाले म्हणून. मामा पेटीवर, शेजारच्या वाडीतले नाना पखवाजावर आणि एक टाळकरी, अशी तिघांची भजनाची बैठक चाळीस वर्षे माणदेशभर हिंडली. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, शिंगणापूरची चैत्रातली यात्रा, गोंदवल्याची पुण्यतिथी, शिवाय गावोगावचे सप्ताह. एस्टीच्या मागच्या बाकावर मांडीवर पेटी घेतलेले मामा आणि पखवाजाला कुणाचा गुडघा लागू न देणारे नाना मी लहानपणी किती वेळा पाहिले असतील! चार वर्षांपूर्वी नाना गेले. मामांनी पेटीला खोळ घातली आणि ती माळ्यावर ठेवली. कुणी विषय काढलाच तर "भाता गळतोय" एवढेच म्हणत.

माघात मामा मोतीबिंदू काढायला मुंबईला मुलाकडे आले, आणि मी विद्यापीठाच्या कामासाठी साताऱ्याहून तिथेच उतरलो होतो. त्यांच्या नातवाने आपल्यासाठी आणि मित्रासाठी एन. सी. पी. ए.मधल्या एका कार्यक्रमाची दोन तिकिटे काढली होती. ऐनवेळी दोघांनाही ऑफिसने अडकवले. फुकट तिकीट वाया जाऊ देणे आमच्या घराण्यात बसत नाही. "परदेशातून तिघे आलेत, पियानो वाजवतात," एवढेच मी मामांना सांगितले. "तिघं? चल की मग," मामा म्हणाले.

धोतर, पांढरी टोपी आणि डोळ्यांवर दवाखान्यातला काळाभोर चष्मा, अशा थाटात मामा नरिमन पॉइंटला उतरले. आजूबाजूच्या मंडळींनी मोठ्या आदराने वाट करून दिली. हे कुणीतरी जॅझमधले जुने बुजुर्ग असावेत, असा त्यांचा समज झाला असावा. मी तो दूर केला नाही.

मुंबईला हे संगीत काही कालपरवाचे नाही. 1935 साली लिऑन ॲबे हा अमेरिकन निग्रो कलावंत आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर हिंदुस्थानातच राहिला आणि 1945 साली कलकत्त्यात वारला. गोव्याच्या पोरांनी ही विद्या बघता बघता उचलली. त्यांतला चिक चॉकलेट, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, पुढे आमच्या पुणतांब्याच्या चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, साहाय्यक झाला. 1951 च्या 'अलबेला'त मास्टर भगवानच्या नाचाला जी झिंग आहे, तिच्यात ह्या मंडळींचा वाटा आहे. म्हणजे आपल्या आजोबांनी जॅझ ऐकले नाही असे नाही, त्याला जॅझ म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हते एवढेच. 1958 साली डेव्ह ब्रुबेक येऊन गेला, 1963 साली ड्यूक एलिंग्टन. आणि 1978 पासून रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरू लागली. हे मी खुर्चीत बसल्या बसल्या मामांना सांगत होतो. 'यात्रा' शब्द कानी पडताच ते ताठ बसले. "यात्रा म्हंजी मग बिदागी ठरवूनच घेतली असंल."

पडदा नव्हताच. एक लांबलचक पियानो, माणसापेक्षा उंच असा उभा बास आणि चार-पाच ढोल-झांजांचा संसार. तिघे आले, एकमेकांकडे पाहून मान हलवली आणि सुरू. त्यांची रीत मला आधी वाचून थोडी ठाऊक होती. जुनी, सर्वांच्या ओळखीची एखादी चीज घ्यायची, पुष्कळदा ती सिनेमातली किंवा नाटकातली असते. एकदा ती सरळ वाजवायची, मग चाल सोडून द्यायची, पण तिच्या खालची स्वरसंगतींची चौकट मात्र धरून ठेवायची आणि त्या चौकटीत प्रत्येकाने आपापला विस्तार करायचा. आपल्याकडे राग धरून ठेवतात, ह्यांच्याकडे ही चौकट. पहिली चीज 'ऑटम लीव्ह्ज' होती. ती मुळात जोसेफ कोस्माची, 1945 ची, पॅरिसमधली. जगभरच्या कलावंतांनी ती इतकी वाजवली आहे की आपल्याकडे भजनात रूपाचा अभंग, तसा तिकडे तिचा मान.

मामा पहिली दहा मिनिटे गप्प होते. मग कानाशी म्हणाले, "सूर जागचा हलत न्हाई ह्याचा. मींड न्हाई." मी म्हटले, "मामा, पेटीचा तरी कुठे हलतो? त्यापायीच 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, ती पुढे तीसएक वर्षे टिकली." "ठावं हाय मला," मामा म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी पियानोवाल्याची बाजू घेतली. जखम सारखी असली की मैत्री लवकर होते.

दुसरी चीज ब्लूजची होती. मामांची बोटे मांडीवर चालू झाली. दोन आवर्तने झाल्यावर निकाल आला: "अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळिसाव्याला घर संपतं आन् फिरून पयल्या उंबऱ्यावर येत्यात." मी चकित झालो. बारा खंड, खंडात चार मात्रा. पुस्तकात हेच लिहिले आहे. मग ब्रुबेकच्या चौकडीने 1959 साली गाजवलेले, पॉल डेसमंडचे 'टेक फाइव्ह' आले. मामांनी क्षणभर बोटे थांबवली आणि हसले. "तीन आन् दोन. झपताल दोन-तीन हाय, ह्यांनी उलटा धरलाय." वृत्ते आणि मात्रा शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, पण मला तो हिशेब लागायला घरी येऊन कागद घ्यावा लागला.

कार्यक्रमाचा क्रमही मामांच्या मनास आला. मध्यम लय, मग संथ, मग जोरकस, आणि मग सगळे सैल सोडून पुन्हा हळू. "बैठक मांडायची अक्कल हाय गड्यांना. गवळण कवा घ्यायची ते कळतंय." फक्त प्रत्येकाच्या वादनानंतर लोक मध्येच टाळ्या वाजवीत, ते त्यांना आधी खटकले. नंतर स्वतःच वाजवू लागले.

शेवटी 1936 सालचे 'कॅरव्हॅन' होते, एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या हुआन टिझोलची मूळ कल्पना. त्यात पियानो आणि ढोल ह्यांचे सवालजवाब सुरू झाले. चार खंड ह्याने, चार खंड त्याने. ढोलवाला खाली मान घालून वाजवायचा, आणि आपली पाळी संपताना नेमकी मान वर करून पियानोवाल्याकडे पाहायचा. मामांची बोटे थांबली. चष्म्याखालून रुमाल फिरू लागला. औषध ओघळले असेल म्हणून मी विचारले, तर "गप बस" म्हणाले.

चर्चगेटहून गाडीत बसल्यावर, गप्प बसवेना म्हणून, मी त्यांना बिल एव्हान्सची गोष्ट सांगितली. हा पियानोवाला, स्कॉट लफारो बासवर, पॉल मोशन ढोलावर. 25 जून 1961 ला, एका रविवारी, तिघांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये जे वाजवले त्याच्या तबकड्या आजही लोक जपून ठेवतात. त्यानंतर अकराव्या दिवशी लफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. एव्हान्सने कित्येक महिने लोकांसमोर वाजवले नाही.

मरीन लाइन्स गेले, ग्रँट रोड गेले. मामा खिडकीबाहेर बघत होते.

"मग? फिरून वाजवाया लागला?"

"लागला. दुसरा बासवाला घेतला."

"दुसऱ्यासंगं जमलं?"

"जमलं. पण आधीच्यासारखं नव्हतं म्हणतात. वेगळं होतं."

त्यावर मामा काही बोलले नाहीत. दादरला गर्दी आत शिरली तेव्हा त्यांनी दोन्ही हात चष्म्यावर धरले.

महिन्याभराने गावाहून फोन आला. डोळा उत्तम दिसतो, ज्वारी यंदा बरी आहे, वगैरे झाले. मग म्हणाले, "मास्तर, नानाचा नातू हाय न्हवं, पखवाजावर बसतोय सांजचा. हात लई कच्चा हाय. सम चुकतोय." मी म्हटले, "शिकेल की हळूहळू." "शिकंल," मामा म्हणाले, आणि जरा थांबून, "साताऱ्यात पेटीचा भाता करून देणारं कोण हाय का बघ. माळ्यावरनं काढलीया, पर कातडं पार गेलंय."