पेन्शन जात नाही, डॉक्टरांकडे चला




बिबट्याला पळवण्यासाठी शेतात फटाके वाजवावेत की नाही, यावर जुन्नर-आंबेगावात पुष्कळ बोलून झालं आहे. त्या फटाक्यांची एक बाजू मात्र कुणी मांडली नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात ओतूरकडच्या एका वस्तीवर जुन्या सोबत्याकडे गेलो होतो. काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये नोकरी केलेला माणूस. दिवेलागणीला शेजारच्या उसाच्या कडेला कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि ऐन बोलण्यात हा गडी कांद्याच्या वाफ्यात पालथा. उठला, कोपरांची माती झटकली आणि म्हणाला, "पाय घसरला." वाफा कोरडा ठणठणीत होता. मी काही बोललो नाही, वहिनीही बोलल्या नाहीत.

अशी माणसं गावागावांत आहेत, पण ती दिसत नाहीत. शेतीला रात्रीची लाइट असली की पाणी भरायला हाच उठतो. घरचे कौतुकाने सांगतात, फौजी माणूस, आळस ठाऊक नाही. खरं तर तो झोपलेलाच नसतो. झोप लागावी म्हणून मग कॅन्टीनची रम येते. दारू सगळ्यांना दिसते, त्यामुळे घर, भावकी आणि गाव दारूवरच बोलत राहतं. झोप का उडाली, हे कुणी विचारत नाही.

हा आजार आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये त्याला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) या नावाने आजारांच्या यादीत घेतलं. तेच तेच स्वप्न, आवाजाला दचकणं, काही जागा आणि काही माणसं टाळणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं. जिवावरच्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही तो डोकं वर काढतो, त्यामुळे "कारगिल होऊन एवढी वर्षं झाली, आता काय?" हा प्रश्नच फोल आहे. समुपदेशनाच्या ठरलेल्या पद्धती आहेत, औषधं आहेत, आणि बऱ्याच जणांना त्यांचा गुण येतो.

मग माणूस जात का नाही? लोक म्हणतात, लाजेमुळे. माझ्या मते लाजेपेक्षा जुनी भीती मोठी. नोकरीत असताना डोक्याच्या डॉक्टरांकडे गेलं की मेडिकल कॅटेगरी खाली येईल, प्रमोशन अडकेल, हे आम्ही एकमेकांना सांगत आलो. ती भीती डिस्चार्जच्या कागदांबरोबर घरी आली. अहो, आता कॅटेगरी कोण लावणार? उपचार घेतले म्हणून कुणाची पेन्शन बंद होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर घातलं आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. आपले बरेच माजी सैनिक बँकेत किंवा कॅश व्हॅनवर बंदूक घेऊन ड्युटी करतात. परवान्याचं काय होईल, ही धास्ती पोकळ नाही, आणि तिच्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण रात्र रात्र जागलेल्या, प्यायलेल्या माणसाच्या हाती भरलेली बंदूक राहू द्यायची, हे त्याला तरी पटेल का?

आणि भित्रेपणाचं म्हणाल, तर ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं. त्यानंतर मुसळधार पावसात डोंगराखालच्या वाड्यांतली माणसं रात्रभर जागी बसली, तेव्हा त्यांना कुणी भित्रं म्हटलं का? मग फौजीलाच वाघ म्हणून त्याचं तोंड का बंद करता?

सोयी आहेत. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात, लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयातच (एएफएमसी) सुरू झाला. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल मिळतो, आणि त्या कार्डावर पत्नीवरही उपचार होतात. तिलाही त्याची गरज असते, कारण इतकी वर्षं त्या घरात तीही धड झोपलेली नाही.

आजी-माजी सैनिक संघटनांना माझी विनंती आहे. येत्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, शाल-श्रीफळ द्याच, पण त्या दिवशी नारायणगावला नि मंचरला मानसोपचारतज्ज्ञ बोलवा, आणि बाहेर पाटी लावायची तर "आरोग्य तपासणी" एवढीच लावा. बीपी-शुगर बघायला आमचा माणूस नक्की येतो. आत गेल्यावर झोपेचं विचारायचं काम डॉक्टरांचं. पुढच्या भेटीला पुण्याला एकट्याने जाववत नसेल, तर युनिटमधलाच कुणी सोबत न्यावा. आमच्यातला कुणी नाही म्हणणार नाही.

आपला,
एक माजी सैनिक, ता. जुन्नर