सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तो शेतकरी नाही?



पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता जमा झाला की पोफळीपासून चिपळूणपर्यंत मोबाईल वाजू लागतात. आमच्या वस्तीतले बरेच मोबाईल मात्र गप्प असतात. दुसऱ्याच्या खाचरात लावणीला वाकणाऱ्या आमच्या आया-बहिणी, अर्धेलीने भात पिकवणारे आमचे काका-मामा, यांना सरकार शेतकरी मानतच नाही. कारण एकच, सातबाऱ्यावर नाव नाही.

२०१९ साली सुरू झालेली ही योजना वर्षाला सहा हजार रुपये देते. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच आणखी जोडले. सुरुवातीला दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच उठवली. म्हणजे मोठ्या जमीनवाल्याला दार उघडलं, भूमिहीनाला नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन कोणाच्या नावावर होती एवढंच पाहतात. कसतो कोण, हे कोणी विचारत नाही.

आता प्रश्न असा, की आमचं नाव तिथे का नाही? आम्ही आळशी होतो म्हणून? कोकणात जमीन खोताची होती आणि घाम कुळाचा. म्हणूनच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर धडकले. पुढे खोती गेली, कूळकायदा आला. पण जमीन मिळाली ती ज्याची कूळ म्हणून नोंद होती त्याला. तोंडी बोलीवर कसणारा आणि मजूर बाहेरच राहिला. आजची योजना त्याच जुन्या दप्तरावर चालते. कालचा अन्याय आज पात्रतेची अट झाला आहे.

काही जण म्हणतात, भूमिहीनांना मोजायचं कसं? ओडिशाने 'कालिया' योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबंही धरली होती. सह्याद्री पोखरून कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरात आणणाऱ्या राज्याला गावातले मजूर मोजता येत नाहीत, हे आम्हाला पटत नाही.

काही जण असंही म्हणतात, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, मग शेतीचा हट्ट कशाला? पण जे गावातच राहिले त्यांचं काय? १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये बाबासाहेबांनी शेती राज्याच्या मालकीची करा, म्हणजे जमीनदार, कूळ, भूमिहीन हा भेदच उरणार नाही, असं मांडलं. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. त्यांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची तरतूद आहे. आमच्यापैकी किती जणांनी त्याचा अर्ज वस्तीत नेला?

जयंतीची वर्गणी आम्ही घरोघर मागतो. त्याच घरांत एकदा सातबारा मागून बघू. 'इतर हक्क' चा रकाना वाचू, अर्ज भरू, तहसीलवर जाऊ. मागणी दोनच ओळींची आहे. कसणाऱ्याला शेतकरी म्हणा. भूमिहीनाला जमीन द्या, आणि ती मिळेपर्यंत सन्मान निधीही द्या.

सन्मान सातबाऱ्याचा नको, श्रमाचा हवा.

जय भीम! जय संविधान!