बेचाळीस, पण कुठले?

एप्रिल लागला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पारा चढू लागतो. अकोला ४४, जळगाव ४३, पुणे ४०. गावाला एक आकडा, की झाले.

हा आकडा येतो वेधशाळेच्या आवारातल्या पांढऱ्या लाकडी पेटीतून. तिरक्या पट्ट्यांची ही पेटी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असते आणि सावलीतल्या हवेचे तापमान मोजते. गावागावांची तुलना करायची तर पेटी हवीच. पण तिच्यातला दिवसभराचा कमाल क्षण म्हणजे गावाचे तापमान नव्हे. पत्र्याच्या खोलीत दुपारी चुलीपुढे बसलेल्या बाईचा त्यात हिशेब नाही.

जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात तापमानाला सुटा आकडा मानलेच नाही. आधी जागा सांगा, म्हणजे लांबी, रुंदी, उंची; मग वेळ सांगा; तेव्हा कुठे तापमान मिळेल. गणितात याला फल म्हणतात, कॉलेजातले फंक्शन ते हेच.

हे फल काय करते ते विहिरीला विचारा. ऋतूंची उष्णतेची लाट जमिनीत उतरताना विझत जाते आणि रेंगाळतेही. साधारण मातीत सहा-सात मीटर खोल ती अर्धे वर्ष उशिरा पोचते. वर वैशाख तेव्हा खाली कार्तिक! तोवर तिचा जोर शेकडा चारच उरलेला असतो. म्हणून विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागते. पाणी जवळपास तेच असते, बदललेले असतो आपण. घरावरची स्लॅब इतकी जाड नसते. ती दुपारचे ऊन संध्याकाळी घरात आणून सोडते आणि रात्री दहालाही पंखा गरम वारा फेकत राहतो. पेटीतला पारा तोवर केव्हाच उतरलेला असतो.

मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेले आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, की हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते. तो पाराही पेटीतलाच. संपादकांनी निदान आकड्याशेजारी पेटी कुठली आणि वेळ कोणती, एवढे तरी छापावे. चार शब्दांची तर जागा लागेल.