बोट सुटते, पण डुलणे सुटत नाही

‘गाडी लागणे’ आणि ‘बोट लागणे’ हे त्रास घरोघरी माहीत असतात. मळमळते, घाम फुटतो, उलट्या होतात आणि खाली उतरून थोडा वेळ गेला की माणूस पूर्ववत होतो. काही जणांचे मात्र नेमके उलटे होते. बोटीवर असताना त्यांची तक्रार नसते. चार दिवस समुद्रावर मजेत काढून ते घरी येतात आणि स्वयंपाकघरातली फरशी पायाखाली हलू लागते. त्यांना बोट लागत नाही, जमीन लागते.

समजा, पंचेचाळिशीतल्या एक शिक्षिका मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाऊन आल्या. परतल्यावर फळ्यासमोर उभ्या राहिल्या की त्या आतल्या आत डुलतात. आंघोळ करताना डोळे मिटले तर भिंतीचा आधार घ्यावा लागतो. रात्री गादीसुद्धा हेलकावे खाते. आठवड्यात बरे वाटेल, या आशेवर महिना जातो. मग दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू होतात. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सगळे ठीक. मानेच्या एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसते. या वयानंतर ती बहुतेकांत दिसतेच. पण दोष तिच्यावर जातो आणि गळ्यात पट्टा येतो. कोणी पित्त म्हणते, कोणी ऋतुनिवृत्ती. शेवटी मेंदूचा एमआरआयही निर्दोष निघतो आणि घरात वाक्य ऐकू येते, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग चक्कर कसली? टेन्शन घेणं सोड.’

या त्रासाला नाव आहे. वैद्यकशास्त्रात त्याला ‘माल द देबार्कमाँ’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ साधा: उतरण्याचा आजार. बोटीवरून उतरल्यावरही डुलल्यासारखे वाटते, हे खलाशांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पण काही जणांत हा त्रास महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतो, याचे नीट वैद्यकीय वर्णन १९८७ मध्ये अमेरिकेतील ब्राउन आणि बॅलो या डॉक्टरांनी केले. निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष तर २०२० मध्ये आले. ते ठरवणाऱ्या बाराणी सोसायटीला रॉबर्ट बाराणी यांचे नाव आहे. कानातील तोलयंत्रणेवरील संशोधनासाठी त्यांना १९१४ चे नोबेल मिळाले होते.

ही तोलयंत्रणा प्रत्येक कानाच्या आत, हाडात दडलेली असते. तिच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची खबर देतात. दोन छोट्या पिशव्या लिफ्ट वर निघाली, गाडी सुटली, डोके कलले हे ओळखतात. डोळ्यांना काय दिसते आणि तळपायांना, सांध्यांना काय जाणवते, याच्याशी मेंदू ही खबर ताडून पाहतो. बोटीत हिशेब जुळत नाही. खोली स्थिर दिसते आणि कान सांगतो की सगळे हलते आहे. म्हणून पहिल्या दिवशी मळमळते. दोन-तीन दिवसांत मेंदू लाटांची लय शिकतो, पुढचा हेलकावा कधी येणार याचा आधीच अंदाज बांधतो आणि माणूस डेकवर सहज चालू लागतो.

किनाऱ्यावर उतरल्यावर हे शिकलेले विसरायचे असते. बहुतेकांचा मेंदू काही तासांत, फार तर दोन दिवसांत ते विसरतो. काहींच्या मेंदूत मात्र ती लय चालूच राहते, असे सध्याचे मान्य स्पष्टीकरण आहे. म्हणून कान तपासला तर तो निर्दोष निघतो आणि एमआरआयतही काही सापडत नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, त्याची सवय दाखवत नाही. तपासण्या चांगल्या आल्या ही आनंदाचीच बातमी आहे, पण तेवढ्यावरून रुग्ण खोटे ठरत नाही.

निदानासाठी लागतात ते प्रश्न, आणि ते फुकट आहेत. पहिला प्रश्न: भोवऱ्यासारखे गरगरते, की झोपाळ्यावर बसल्यासारखे डुलते? कूस बदलताना काही सेकंद खोली गरगरत असेल, तर बहुधा कानातले सूक्ष्म खडे जागचे हललेले असतात. तो वेगळा आजार आहे आणि डोके ठरावीक पद्धतीने वळवून तो बरा करता येतो. उतरण्याच्या आजारात खोली फिरत नाही. माणूस स्वतः डुलतो, आणि दिवसाचा बराचसा वेळ डुलतो. दुसरा प्रश्न: त्रास सुरू होण्याआधी दोन दिवसांत बोटीचा, विमानाचा किंवा लांबचा रेल्वे अथवा मोटारीचा प्रवास संपला होता का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: गाडीत बसल्यावर बरे वाटते का? चक्कर येणारी बहुतेक माणसे गाडीत जास्त हैराण होतात. या रुग्णांना रिक्षात बसले की हायसे वाटते आणि उतरले की पुन्हा डुलायला लागते. घरच्यांना हे सोंग वाटते. प्रत्यक्षात ही या आजाराची खूण आहे.

सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. चक्कर म्हटले की आधी रक्तदाब, साखर, रक्तक्षय पाहायचे, हे बरोबरच आहे. दुर्मीळ आजार शोधत बसायला वेळ कुठे आहे, हा आक्षेपही खरा. पण हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट पुरते आणि त्यातून पुढच्या कित्येक फेऱ्या, एक्स-रे आणि गोळ्या वाचतात. प्रश्न वेळेचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. चक्कर हा शब्द कानावर पडला की हात आपोआप चिठ्ठीकडे जातो.

त्या चिठ्ठीवरच्या सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळ्या तीव्र चकरीत दोन-चार दिवस उपयोगी पडतात. उतरण्याच्या आजारात त्यांचा फारसा फायदा होत नाही. महिनोन् महिने घेतल्या तर सुस्ती येते, तोल सावरण्याची मेंदूची स्वतःची धडपड मंदावते आणि वयस्क माणसांत हात थरथरणे, हालचाली मंदावणे असे कंपवातासारखे परिणामही दिसतात. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर गोळ्या आणत राहणे म्हणूनच घातक आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे खरे सांगणे. पहिल्या महिन्यात अनेकांचा त्रास आपोआप ओसरतो. महिना उलटूनही टिकला तर त्याला चिवट म्हणायचे. त्यावर हमखास गोळी नाही. काही मानसोपचारातील व अर्धशिशीवरील औषधे काहींना आराम देतात. ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील मिंगजिया दाई आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळी वाट दाखवली. रुग्णासमोर सरकते पट्टे दाखवायचे आणि त्याच वेळी त्याचे डोके त्याला जाणवणाऱ्या लयीत हळू कलवायचे. दिवसातून काही वेळा, काही मिनिटे. शिकलेली लय मेंदूला विसरायला लावणे, हा त्यामागचा विचार. २४ पैकी १७ रुग्ण पूर्ण किंवा बऱ्याच अंशी बरे झाले. अभ्यास लहान होता आणि ही सोय अजून मोजक्याच ठिकाणी आहे. पण तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ आपल्याकडेही आहेत.

रोजच्या जगण्यात साध्या गोष्टींचा आधार होतो. पुरेशी झोप हवी, कारण जागरणाने डुलणे हटकून वाढते. दिवसा मोकळ्यावर चालावे. अंथरुणाला खिळून राहू नये, कारण हालचाल केल्याशिवाय मेंदू नवे शिकत नाही. मोबाइलवरची सरकती चित्रे, मॉलमधले झगमगते दिवे सुरुवातीला टाळावेत. काळजीने त्रास वाढतो हे खरे, पण काळजी आधी आलेली नसते, ती मागून येते. रात्री बाथरूममध्ये दिवा असावा. डुलणे फार असेल त्या दिवशी दुचाकी घेऊ नये. बरे वाटते म्हणून तासन् तास गाडीत फिरणे हा उपाय नाही. लांबच्या प्रवासानंतर त्रास पुन्हा उफाळू शकतो. पुढची बोटीची सहल आखण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

मात्र प्रत्येक चक्कर बोटीच्या माथी मारू नये. तोंड वाकडे होणे, जीभ अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातापायातली शक्ती जाणे, अजिबात उभे राहता न येणे, अचानक प्रचंड डोकेदुखी किंवा एका कानाने एकाएकी ऐकू न येणे, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे. तिथे एक तासही मोलाचा असतो.

कोकणातल्या कितीतरी घरांतला माणूस व्यापारी जहाजावर असतो. सहा-आठ महिन्यांनी घरी आलेला खलाशी असे काही झाले तरी सहसा बोलत नाही. तंदुरुस्तीचा दाखला अडला तर पुढची नोकरी जाईल, ही धास्ती असते. पाय अडखळताना पाहून शेजारीपाजारी दारूचा संशय घेतात. त्या शिक्षिकेला शाळेतून रजा मिळत नाही, कारण कागदावर आजारच नाही. आजाराला नाव मिळाले की दोघांचेही निम्मे ओझे उतरते. डुलणे थांबायला वेळ लागेल. पण ‘मला वेड तर लागलं नाही ना?’ हा प्रश्न त्याच दिवशी मिटू शकतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. समोरच्याचे ऐकून ‘बोटीने कुठे गेला होता का?’ एवढे विचारणारा डॉक्टर लागतो, आणि रिपोर्टच्या आधी आपल्या माणसावर विश्वास ठेवणारे घर लागते.