दिवा विझला, रोग नाही

तर मंडळी, आजचा राग गाडीवर नाही, 'चेक इंजिन'चा दिवा विझवून पैसे घेणाऱ्यांवर आहे. आणि ते देणाऱ्या आपल्यावरही.

बाबांची २०१३ सालची पेट्रोल गाडी. बारामतीत सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, आरपीएमचा काटा नाचायचा. इंदापूरच्या रस्त्याला लागलं, भवानीनगर मागे पडलं की सगळं ठीक वाटायचं. मधूनच पिवळा दिवा. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी धुतली, बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला! निमगाव केतकीच्या आधीच परत आला. दुसऱ्या फेरीला निदान मिळालं, "साहेब, हे इथेनॉलचं पेट्रोल. सगळ्यांचंच असं होतंय." वर फ्यूएल पंप बदलायचा सल्ला.

आता बघा. बॅटरी काढली की बहुतेक जुन्या गाड्यांत कोड पुसला जातो, म्हणजे एकमेव पुरावा आपणच नष्ट करायचा. ऑफिसात कोणी लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करून 'फिक्स्ड' लिहिलं तर आपण त्याला सोडतो का? मग इथेच हात जोडून पैसे का देतो?

स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. साधा ब्लूटूथ रीडर लावला, कोड आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इथेनॉलची थिअरी इथेच आपटते. चारही सिलिंडर एकाच टाकीतलं पेट्रोल पितात, मग दोघातिघांना सोडून ते एकालाच कसं बाधलं?

इथेनॉलबद्दल तक्रारी नाहीतच असं नाही. त्याच्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० वर मायलेज थोडं घटणार. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या-सीलची काळजीही रास्त आहे. पण ऊस आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहून प्रत्येक बिघाडाची पावती इथेनॉलच्या नावाने फाडायची, हा आळस झाला.

मी काय केलं? इंजिन थंड झाल्यावर दोन आणि तीन नंबरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, चक्कर मारली. कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच खराब! तो सरकला नसता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एका वेळी एकच बदल. बास.

बाबा म्हणाले, "अरे, पण मधे दिवा विझला होता की!" हीच खरी भीती. तो दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर जोरात आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतंय. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची. आणि लाल ऑइलचा दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद, 'गॅरेजपर्यंत जाऊ' नाही.

चांगले मिस्त्री आहेत, कानाने इंजिन ओळखणारे आहेत, त्यांना सलाम. पण पुढच्या वेळी पार्ट बदलायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "कोड काय आला?" उत्तर नसेल तर किल्ली परत घ्या.

असो. कॉइल एकच बदलली. पंप अजून जुनाच आहे, आणि मजेत आहे.