नाव वल्ह्याची, नांगर वाळूत

मोरिशसच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाचा बांध आहे. लाटांचा मारा तोच सोसतो. म्हणून पाठीला हवेची टाकी बांधून किनाऱ्यालगत बुडी मारणाऱ्या आमच्या तरुणांनी मोटारबोटीऐवजी कयाकने जावे, असे आम्हांस वाटते. तिला इंधन लागत नाही. आणि समुद्रात तेल सांडले की काय होते, हे २०२० साली ‘वाकाशिओ’ जहाज फुटले तेव्हा आपण पाहिलेच.

मात्र कयाकचा लहान नांगरही पोवळ्यावर पडला तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. तो वाळूतच टाकावा. रीतसर शिक्षणाशिवाय व जोडीदाराशिवाय बुडी मारू नये, वर निशाण लावावे, खिंडीतील ओढीपासून दूर राहावे, परतीच्या वल्हवण्यापुरते बळ राखावे.

पालकहो, भीतीपोटी मुलांना समुद्र बंद करू नका, शिकवून पाठवा. पाण्याखालचे बेट जो पाहील, तोच ते राखील.